टोपीखालचे कान

॥ श्री ॥

वेलचेरी, चेन्नई
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप वन्सं यांस,
सरोजिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून रागावू नका. एक तर फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानेच लावता. दुसरं म्हणजे वकिलांनी बजावलंय, केसबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही. कागद देविकाच्या ऑफिसातले आहेत, लेकीने आणून दिलेत. एका बाजूला काहीबाही छापलंय, ते वाचायला जाऊ नका. कोरी बाजू फुकट घालवणं माझ्या जिवावर येतं.

तुमच्या भावाची केस उभी राहिली. तुमच्यापर्यंत कानगोष्टी आल्याच असतील, म्हणून झालं तसं सांगते.

दीड वर्षापूर्वी, जुलैत, आडी महिना लागल्यावर, हे संध्याकाळच्या मोजणीला बराकीत गेले होते. जेलचा नियम असा, की अधिकारी आत गेला की पहारेकरी बाहेरून दाराला कुलूप घालतो. मोजणी संपेपर्यंत दार उघडायचं नाही, मग आत कोणीही असो. हे एकटे आत, समोर चाळीसेक कैदी. त्यातच कोपऱ्यात एका म्हाताऱ्याला फेफरं आलं म्हणे, म्हणून सगळे उठून आरडाओरडा करत होते. तेवढ्यात गर्दीतून एक जण धावत ह्यांच्या अंगावर आला, दोन्ही हातांनी कमरेचा पट्टा धरला आणि ओरडला, "कोल्लु! कोल्लु!" ठार मार, ठार मार. तमिळ तुम्हाला मी काय शिकवणार. ह्या प्रकाराच्या महिनाभर आधी दुसऱ्या एका कैद्याने घासून धार काढलेल्या चमच्याने एका अधिकाऱ्याला भोसकलं होतं. ह्यांची टोपी खाली पडली. ह्यांनी लाठी चालवली. दोन फटके. दुसरा कपाळाच्या कडेला बसला आणि त्या माणसाचा डावा डोळा गेला.

माणूस आपल्या मराठवाड्यातला. सिद्धार्थ नाव. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात कंत्राटावर होता, हॉस्टेलातल्या मारामारीवरून आत आला होता.

वकील भीमसेनराव, नावावर जाऊ नका, त्यांना मराठी येत नाही, म्हणतात, पहिल्या फटक्याची काळजी नाही. जीव वाचवायला मारलं तर कायदा माफ करतो. अडचण दुसऱ्याची आहे, कारण तेव्हा तो गुडघ्यावर आला होता. पण गुडघ्यावर असतानाही तो परत "कोल्लु" ओरडला, आणि ते पहारेकऱ्याने आणि तीन कैद्यांनी ऐकलंय. "अम्मा, त्या एका शब्दावर तुमचे यजमान घरी येतील," असं म्हणाले. पडलेली टोपीही त्यांनी पुराव्यात धरलीय. टोपी पडली म्हणजे हल्ला झाला.

वन्सं, नोकरी गेली, पेन्शन गेलं तर मी एका भाजीवर घर चालवीन. तीस वर्षं हिशेब लिहितेय, ते मला जमतं. पण जेलच्या माणसाला शिक्षा होऊन जेलातच टाकलं, तर ज्यांना त्याने कुलपात ठेवलं ते त्याला जिवंत ठेवतील का? रात्री डोळा लागत नाही तो ह्या एका विचाराने.

ह्यांची दुसरी टोपी कपाटात आहे, ती हे काढून ब्रश करतात आणि परत ठेवतात.

रामापुढे दिवा लावा. लग्न झाल्यावर पहिल्या पंगतीत तुम्ही मला "काऊन घे, काऊन घे" म्हणालात आणि मी खिडकीत कावळा शोधत राहिले, ते आज उगाच आठवलं. तुमच्या तंजावुरी मराठीत ख आणि क एकच. तेव्हा हसले होते, आता हसूही येत नाही.

आपली,
सरोजिनी


तंजावूर
१७ जानेवारी

चि. सौ. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कोलून वाचलं. दोन वेळा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून अक्षर नीट दिसेना, सुनेकडून परत वाचवून घेतलं.

आमचा किट्टू मुंगी मारायचा नाही. आमची आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा, माझ्या कडेवर वाढला. पाटशाळेत मुलं त्याला मारायची तरी हात उचलायचा नाही, घरी येऊन माझ्या पदरात रडायचा. पावम्, बिचारा! तो दुसऱ्याचा डोळा काढील? करं सांगायचं तर त्या राक्षसानेच काढवून घेतला. जीव घ्यायला आला, देवाने डोळा घेतला.

एक मला कळेना. तो मराठी ना? मराठी माणूस, तमिळमध्ये 'कोल्लु' शिकला तो एवढ्या लवकर? मारायचं शिकायला वेळ लागत नाही म्हणतात ते करंच.

रामाला कीर केली. मारियम्मनला नवस बोलले, किट्टू सुटला की मी डोक्यावर दुधाचा कलश घेऊन चालत जाईन. गुडघे काय म्हणतील ते म्हणू देत.

तू उपास करून बसू नको. तू आजारी पडलीस तर त्याला कोण बघणार? जेवलीस का नाही, कळव.

तुझी,
शर्मिष्ठा अक्का


॥ श्री ॥

वेलचेरी
२६ फेब्रुवारी

ती. वन्संस सा. नमस्कार.

महिनाभर पत्र नाही म्हणून तुम्ही देविकाला फोन केलात. ती म्हणाली, "अम्मा नल्ला इरुक्का." अम्मा बरी आहे. ती दुसरं काय सांगणार? ती ऑफिसातून येते, मला तमिळ कागद वाचून दाखवते आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसते. आजचं मात्र मी तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच लिहिते. वाचल्यावर फाडून टाका.

काल त्या सिद्धार्थची साक्ष होती. मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर रामरक्षा म्हणत बसले होते. शेजारी एक बाई येऊन टेकली. लुगड्याचा पदर डोक्यावरून, हातात पिशवी. थोडा वेळ ऐकत राहिली आणि एकदम म्हणाली, "मावशी, तुमी मराठी हाव?"

मी हो म्हटलं.

"लई बरं वाटलं बगा. सकाळधरनं कुनाचं काय कळंना. कुनी हाकलतंय, कुनी बस म्हनतंय. मालकाची साक्ष हाय आज." तिने नाव सांगितलं, शशिकला. ती कोणाची कोण हे माझ्या लक्षात आलं, वन्सं. उठून जायला हवं होतं. उठले नाही.

ती बोलतच राहिली. किती दिवसांत मराठी बोलली नव्हती कोण जाणे. म्हणाली, "मी भेटाया आले तवा मालक म्हनले, रडू नगं, हितं एक मराठी सायब हाय. मोडकंतोडकं बोलतो, पर बोलतो. जाता-येता 'काय रे, जेवलास का' इचारतो. मला म्हनले, त्या सायबाचा लई आधार हाय."

"मग?" मी विचारलं. का विचारलं ठाऊक नाही.

"मग काय मावशी, त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला फेस आला. दार बंद. समदे आपले तमिळमदी बोंबलतेत, मालकाला वाटलं, सायबाला आपली भाषा कळंल. म्हनून त्येच्याकडं पळाले. पट्ट्याला धरून म्हनले, खोला, खोला! नुस्तं दार खोला म्हनले. त्यात डोळा फोडन्यासारखं काय व्हतं?"

खोला.

वन्सं, मला तुमचं 'काऊन घे' ऐकू आलं. तुमच्या पत्रातलं 'कोलून वाचलं' दिसलं. आणि ते चार साक्षीदार, सगळे तमिळ, सगळ्यांनी जे ऐकलं ते अगदी खरंच ऐकलं. तमिळ कानाला ख कुठला.

माझ्या मांडीवर ह्यांच्यासाठी आणलेला दहीभाताचा डबा होता. तो मी तिच्या हातात ठेवला. "तुमी कुनाच्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, "इथलीच." आणि तोंड फिरवलं. देव मला काय म्हणेल ते म्हणो.

मग आत बोलावलं. ती माझा हात धरून शेजारी बसली. सिद्धार्थला मी पहिल्यांदा पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. डाव्या डोळ्यावर पापणी मिटून चिकटलेली. त्याच्यासाठी हिंदीचा दुभाषी होता, कोर्टातलाच एक कारकून. त्याची हिंदी माझ्या तमिळसारखी.

भीमसेनरावांनी फार लांबण लावली नाही. एकच प्रश्न घोळवून आणला. दुभाषाने विचारलं, "तुम 'कोल्लु, कोल्लु' चिल्लाया?"

वन्सं, त्या माणसाचा चेहरा उजळला हो. दीड वर्षाने कोणीतरी आपलं म्हणणं ऐकलं अशा आनंदाने तो म्हणाला, "हां साब! खोला, खोला! दो बार चिल्लाया! सबने सुना!"

दुभाषी म्हणाला, आमाम्. हो म्हणतोय, दोनदा ओरडलो. टाइप करणाऱ्या बाईने ते टाइप केलं. भीमसेनराव जज्जाकडे बघून नुसते हात पसरून उभे राहिले. शशिकला माझ्या कानाशी म्हणाली, "ऐकलं बगा मावशी, समद्यांनी ऐकलं."

त्याच्याच तोंडून त्याचा गुन्हा लिहून घेतला आणि त्याला वाटलं न्याय झाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आरोपीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यातला उजवा हात त्यांनी हळूच काढला आणि पाठीमागे नेला.

बाहेर आल्यावर भीमसेनराव खुशीत होते. "अम्मा, पायसम करा," म्हणाले. वेलचेरीपर्यंत गाडीत हे खिडकीकडे बघत बसले. घरी येऊन आंघोळ केली, जेवले नाहीत.

मी काय करू? सांगू की नको? सांगायचं तर कोणाला? तुम्ही ह्यांना वाढवलंत, तुम्ही सांगाल तसं करते.

सरोजिनी


तंजावूर
४ मार्च

चि. सौ. सरोजिनीस,

गप्प बस. कोणापुढे तोंड उगडू नको. वकिलापुढे नको, देविकेपुढे नको, देवापुढेसुद्धा मनातल्या मनात बोल.

तुला कळत नाही का? आमच्या गरात लहानपणापासून "दार कोल" असंच म्हणतात. मी रोज सकाळी किट्टूला उठवून "दार कोल रे, दूधवाला आला" म्हणायची. तू उगडा म्हणतेस, ते तुमच्या मिरजेकडचं. उद्या कोणी मला कोर्टात उभी केली आणि विचारलं, तुमच्या भावाला हा शब्द ठाऊक आहे का, तर रामाच्या पायाशपत मला हो म्हणावं लागेल. मग विचारतील, ठाऊक होता तर मारलं का?

म्हणून ते 'कोल्लु' आहे तेच राहू दे. चार लोकांनी ऐकलं, त्याने स्वतः कबूल केलं. देवानेच त्याच्या तोंडून वदवलं असं समज.

तू चांगली आहेस, सरोजिनी, पण तुझा चांगुलपणा माज्या किट्टूला काऊन टाकील.

पत्र फाडलं. तूही हे फाड.

अक्का


॥ श्री ॥

वेलचेरी
१९ मार्च

ती. वन्संस नमस्कार.

तुम्ही गप्प बस म्हणालात, मी गप्पच होते. बाहेर कोणाजवळ बोलले नाही. पण घरात चार भिंती आहेत आणि त्यांच्यात आम्ही दोघं. तीन आठवडे हे माझ्याकडे बघायचं टाळत होते आणि मी त्यांच्याकडे. शेवटी परवा दुपारी डाळ निवडता निवडता मीच विचारलं.

"कोर्टात तो काय म्हणाला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"काय ऐकलंत?"

"दार कोला म्हणाला."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी कोल्लु ऐकलं. सत्य सांगतो."

मी तुमच्या पत्रातलंच बोलले. म्हटलं, तुमची अक्का जन्मभर दार कोल म्हणत आली, तो शब्द तुम्हाला कळला नाही?

तेव्हा म्हणाले, "सरोजिनी, टोपी घातली की माझे कान तमिळ होतात. गरी येऊन टोपी काढली की मराठी. तू दारातच विचारतेस, भाजी कसली करू, आणि मी तमिळमध्येच 'एन्ना?' म्हणतो, काय म्हणालीस म्हणून. तू हसतेस. टोपी काढेपर्यंत मला तुझी भाषा लागतच नाही. पहिल्यापासून असंच आहे."

खरं आहे ते, वन्सं. कितीदा हसलेय मी त्यावर. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग झालं तर. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत. कान चुकले, भीती खरी होती. भीमसेनरावही म्हणालेत, धोका खरा होता की नाही हे नंतर, माणसाला भीती खरी वाटली का ते आधी बघतात. हेच सांगा जज्जाला, त्यात लाज कसली?

तर म्हणाले, "टोपी पडली होती."

मला कळलंच नाही आधी. टोपी पडली हा तर आपला पुरावा.

"पहिल्या फटक्याआधीच पडली होती, सरोजिनी. त्याच्या झोंबण्यात. पहिला मारला तो मरणाच्या भीतीने. मग तो गुडग्यावर आला. तिथून वर बघून पुन्हा म्हणाला. तेव्हा मला कळलं. आपल्या गरातला शब्द आहे हे कळलं. हात वर गेला होता. फटका बसायच्या आधी कळलं की बसल्यावर, तेवढंच मला सांगता येत नाही. दीड वर्ष तेच शोधतोय."

म्हणून टोपी ब्रश करत बसतात हे, वन्सं. आणि मला वाटायचं, नोकरीची आठवण येते.

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. म्हटलं, हे कोणाला सांगू नका. देवाला सगळं ठाऊक आहे, जज्जाला कशाला सांगायचं? तुम्ही आत गेलात तर ते लोक तुम्हाला सोडणार नाहीत. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटलं ते तुम्हालाच माहीत नाही ना, मग सांगायचं तरी काय?

तर म्हणाले, "देवाला मराठी येतं. जज्जाला येत नाही. तिथे मराठी येणारे आपण तिघंच होतो. तो, मी आणि तू."

शशिकला त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात जज्ज ह्यांचं म्हणणं विचारणार आहेत. भीमसेनरावांनी ह्यांना तमिळमध्ये पाठ करायला दोन ओळी दिल्यात. हे त्या पाठ करत नाहीत. वन्सं, तुम्ही या. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत. तुम्ही आलात आणि त्यांना गप्प बस म्हणालात तर ते गप्प बसतील. पहिल्या गाडीने या.

सरोजिनी


॥ श्री ॥

वेलचेरी
११ जून

ती. वन्संस,

तुम्ही आला नाहीत. उत्तरही नाही. देविका म्हणते, आत्याने फोन घेतला, "गप्प बस म्हणायला मी येणार नाही, आणि बोल म्हणायला माज्यात ताकद नाही," एवढंच बोलली आणि ठेवला. मी रागावले होते. आता नाही.

आज निकाल लागला, म्हणून लिहिते.

मार्चमध्ये ह्यांनी जज्जापुढे सगळं सांगितलं. तमिळमध्येच. मला सगळं नाही कळलं, पण 'कोल्लु' आणि 'कोला' हे दोन शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्यांच्या तोंडून दोन्ही सारखेच निघत होते. जज्ज गोंधळले. विचारलं, दोन्ही एकच ना? तेव्हा हे मागे वळले आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "माझ्या बायकोला म्हणता येतं."

वन्सं, जन्मात मी चारचौघांत बोलले नाही. उभी राहिले. जज्जांनी मान हलवली. मी म्हटलं, "खोला." पुन्हा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हटलं. सगळं कोर्ट ऐकत होतं. सिद्धार्थ मागे बसला होता, तो उठून उभा राहिला. शशिकला त्याच्या शेजारी होती. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला मरेपर्यंत पुरेल.

त्यानंतर जज्जांनी चेन्नईतल्या मराठी मंडळातले एक मास्तर बोलावून सिद्धार्थची साक्ष परत घेतली. भीमसेनरावांनी फाइल टेबलावर आपटली. म्हणाले, "अम्मा, जिंकलेली केस तुम्ही दोघांनी मिळून हरलात."

आज निकाल. पहिल्या फटक्याला माफी, भीती खरी होती म्हणून. दुसऱ्याला नाही. दोन वर्षं. अपिलासाठी तीस दिवस बाहेर आहेत. भीमसेनरावच अपील करणार आहेत. रागावलेत, पण सोडून गेले नाहीत. आत गेलेच तर वेगळ्या खोलीत ठेवा असा अर्ज करणार आहेत. मिळेल की नाही, ते म्हणत नाहीत. मी विचारत नाही.

कोर्टाबाहेर शशिकला आली. तिच्या पिशवीत माझा डबा होता. घासून लख्ख केलेला. उघडला तर आत मूठभर शेंगदाणे. मी बघत राहिले तर म्हणाली, "रिकामा द्यायचा नसतो म्हून. दुसरं काय समजू नगा." आणि गेली. मी तिला काय म्हणणार होते? इथलीच, म्हटलं होतं मी.

ते शेंगदाणे मी देवापुढे ठेवलेत. नैवेद्य दाखवावा की नाही, कळत नाही. खावेत की नाही, तेही कळत नाही.

हे आज टोपी कपाटातून काढत नाहीत.

वन्सं, मला आता फक्त भीती वाटते. दुसरं काही उरलेलं नाही. लिहा काहीतरी. शिव्या द्या, पण लिहा.

सरोजिनी


तंजावूर
१६ जून

चि. सौ. सरोजिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खोलून वाचलं.

हा ख बरोबर आला का बग. पुढच्या गरातली सीतालक्ष्मी टीचर मुलांना हिंदी शिकविते. तिच्याकडून पाटीवर गिरवून गेतला. हातातून येतो, तोंडातून येत नाही. टीचर म्हणते, तोंडासमोर तळहात धर, वारा लागला पाहिजे. मी धरते. वारा लागत नाही. सत्तर वर्षं तोंडात क गेऊन बसले, तो लगेच कुठे जागा सोडणार? हा एकच शब्द शिकले, बाकीचं तसंच आहे, तू समजून वाच.

मी आले नाही कारण आले असते तर किट्टूला गप्प बसवलं असतं. तो माझं ऐकतो. म्हणून आले नाही. तुला एकटीला टाकलं, करं आहे. राग धर, पण मनात ठेवू नको.

आता येते. परवाच्या गाडीने. नवस होता तो सुटण्याचा, पण मारियम्मनला मी सांगून आले, की सुटो न सुटो, कलश गेऊन चालते. तिच्याशी असा हिशेब करायचा नसतो, तो तुज्या वहीत ठेव.

ते शेंगदाणे का, ठेवून देऊ नको. त्या बाईने दिले म्हणजे का. कूट करून किट्टूच्या ताटात गाल, तोही काऊ दे.

आत जायचं झालं तर आत किट्टूला टोपी नसेल. सरोजिनी, मी रात्रभर ह्याच गोष्टीवर विचार केला. तिथे कोण काय बोलेल ते त्याला आपल्या कानाने ऐकू येईल. मला त्याचीच भीती वाटते आणि तेवढ्याचाच धीर येतो.

तू स्टेशनावर येऊ नको, रिक्षा करून मीच येते. येऊन दार वाजवीन आणि "दार खोल" म्हणीन. माझ्या तोंडातून ते कसंही बाहेर पडो, तू दार उगड.

तुझी,
शर्मिष्ठा अक्का